तेलाले हात लावत नाही, मंग रगतात चरबी काहून?

प्रश्न : माझे वडील ६१ वर्षांचे आहेत. अकोट तालुक्यात वावर आहे, आयुष्यभर कष्ट केलेले, अंगाने काटक, पोट सुटलेले नाही. बऱ्याच वर्षांपासून शुगरच्या गोळ्या सुरू आहेत. घरात लग्न होते. रात्री अकराला रोडगे, वरण आणि वांग्याची भाजी असे जेवण झाले. दुसऱ्या दिवशी सकाळी साडेआठला गोड चहा घेऊन त्यांनी अकोल्याला रक्त दिले. लॅबमधल्या मुलाने नळी दाखवली, तर रक्तावरचे पाणी चक्क दुधाळ होते. ट्रायग्लिसराइड ७८०, एकूण कोलेस्टेरॉल २३६, एचडीएल ३२. 'रिकाम्या पोटी परत या,' एवढेच सांगितले. घरी आईने त्यांना खूप बोलून घेतले. वडील म्हणतात, "एका दिवसाचं सोड, एरवी म्या तं तेलाले हातबी लावत नाही, मंग रगतात चरबी काहून?" शुगरच्या आजारात रक्तातली चरबी वाढते हे ऐकले होते, पण शुगरचा आणि तुपाचा संबंध काय? आणि पुन्हा उपाशीपोटी रक्त देणे गरजेचे आहे का?
— एक शिक्षक, अमरावती

उत्तर : आधी तुमच्या आईला सांगा, बाबांना बोलू नका. असा रिपोर्ट आला की घराघरांत पहिला संशय रुग्णाच्या जिभेवर जातो. लग्नातले रोडगे त्यांनी खाल्ले हे खरेच. पण त्याच पंगतीत, तेच तूप वाढून घेतलेल्या निरोगी माणसाचे रक्त साडेनऊ तासांनंतर दुधाळ राहिले नसते. फरक जेवणात कमी आणि आतड्यात जास्त आहे. शुगर झालेल्या माणसाचे आतडे चरबीच्या बाबतीत वेगळे वागते. ही गोष्ट वैद्यकालाही नीट कळून फार वर्षे झालेली नाहीत, म्हणून उत्तर थोडे लांबवतो.

रोडग्यावरचे तूप आधी पित्तात मिसळते, मग स्वादुपिंडाचा रस त्याचे तुकडे करतो. हे तुकडे लहान आतड्याच्या अस्तरातल्या पेशी शोषून घेतात. आत गेल्यावर त्या पेशी तेच तुकडे पुन्हा जोडून चरबी तयार करतात. आता ही चरबी पाण्यासारख्या रक्तातून पाठवायची कशी? अकोल्याचे जिनिंग-प्रेसिंग पाहिलेल्याला हे लगेच उमजेल. सुटी रुई लांब पाठवता येत नाही, ती दाबून तिची गाठ करावी लागते आणि गाठीला पट्टी बांधावी लागते. आतड्याची पेशीही चरबीचा असाच गोळा करते आणि त्याला एका प्रथिनाची पट्टी बांधते. त्या प्रथिनाचे नाव ॲपोबी-४८. एका कणाला एकच पट्टी, त्यामुळे रक्तातल्या पट्ट्या मोजल्या की आतड्याने किती कण बाहेर पाठवले ते कळते. या कणाला कायलोमायक्रॉन म्हणतात.

हे कण इतके मोठे असतात की आतड्यातल्या केसासारख्या बारीक रक्तवाहिन्यांत त्यांना शिरता येत नाही. ते लसीकावाहिन्यांत (लिम्फ वाहणाऱ्या नळ्यांत) जातात, तिथून छातीतल्या मोठ्या वाहिनीने वर चढतात आणि डाव्या गळपट्टीच्या हाडाजवळ रक्तात उतरतात. साखर आधी यकृताकडे जाते, चरबी मात्र यकृताला वळसा घालून थेट साऱ्या शरीरात फिरते. १६२२च्या जुलैत इटलीतल्या मिलान शहरात गास्पारे आसेली या शल्यविशारदाने नुकत्याच जेवलेल्या कुत्र्याचे पोट उघडले, तेव्हा आतड्याच्या पडद्यावर पांढरे दोरे दिसले. त्याला आधी त्या नसा वाटल्या. टोचल्यावर दुधासारखा द्रव बाहेर आला. तुमच्या वडिलांच्या नळीत दिसलेला दुधाळपणा हाच. पुढे १९२०च्या दशकात अमेरिकेत सायमन गेज यांनी जेवणानंतरचे रक्त खास प्रकाशयोजनेच्या सूक्ष्मदर्शकाखाली ठेवून त्यात थरथरणारे बारीक ठिपके पाहिले. कायलोमायक्रॉन हे नावही त्यांचेच.

रक्तात आलेल्या कणांतली चरबी उतरवून घेण्याचे काम स्नायू, हृदय आणि चरबीच्या पेशींजवळच्या बारीक रक्तवाहिन्यांच्या भिंतीला चिकटलेले एक विकर करते, त्याचे नाव लायपोप्रोटीन लायपेज. चरबी निघाली की उरलेला लहान कण यकृत उचलून घेते. निरोगी माणसात जेवणानंतर तीन-चार तासांनी रक्तातली चरबी (रिपोर्टवरचे ट्रायग्लिसराइड) सर्वांत जास्त असते आणि सहा ते आठ तासांत बहुतेक ओसरते.

आता इन्सुलिनकडे येऊ, कारण तुमच्या प्रश्नाचा गाभा इथे आहे. इन्सुलिन म्हणजे साखर कमी करणारा रस एवढीच त्याची ओळख आपल्याकडे आहे, आणि ती अपुरी आहे. जेवणानंतर इन्सुलिन वाढते तेव्हा ते सगळ्या शरीराला कळवते की अन्न आले आहे, आपापले साठे आता बाहेर सोडू नका. चरबीच्या पेशी साठवलेली चरबी सोडायचे थांबवतात. यकृतही चरबीचे कण रक्तात सोडत असते, तेही हात आवरते. आतड्याच्या पेशीही कण बांधून पाठवण्याचा वेग कमी करतात, म्हणजे जेवणातली चरबी एकदम लोटली न जाता हळूहळू रक्तात येते.

ही आतड्याची गोष्ट माणसात दाखवायला फार अवघड होती. कॅनडातल्या टोरांटो शहरातील गॅरी लुईस यांच्या गटाने २००० नंतरच्या वर्षांत ती दाखवली. स्वयंसेवकांना तासन्‌तास थोडे थोडे द्रव अन्न देत राहायचे, रक्तात खूण केलेले अमिनो आम्ल सोडायचे आणि ते नव्या ॲपोबी-४८ मध्ये किती वेगाने बांधले जाते ते मोजायचे. यकृत याच प्रथिनाची पूर्ण लांबीची आवृत्ती बनवते, तिला ॲपोबी-१०० म्हणतात. आतडे त्याच जनुकापासून जेमतेम निम्मी, ४८ टक्के लांबीची आवृत्ती बनवते. त्यामुळे कोणता कण आतड्यातून आला आणि कोणता यकृतातून, हे वेगळे काढता येते. मला ही निसर्गाने करून दिलेली सोय वाटते, ती नसती तर हा अभ्यास झालाच नसता. निष्कर्ष असा निघाला की निरोगी माणसाला इन्सुलिन दिले की आतड्याची कणनिर्मिती घटते. टाइप २ मधुमेह असलेल्यांत मात्र इन्सुलिनचा हा लगाम लागत नाही. आतडे त्याचे ऐकेनासे झालेले असते.

यालाच इन्सुलिनला प्रतिरोध म्हणतात. स्नायूंनी ऐकायचे सोडले की साखर वाढते, ती आपण मोजतो. चरबीच्या पेशींनी ऐकायचे सोडले की त्या जेवणानंतरही साठा सोडत राहतात आणि रक्तात मुक्त मेदाम्ले वाहत राहतात. ही मेदाम्ले यकृताकडे जातात, तशी रक्तातून आतड्याच्या पेशींकडेही जातात. म्हणजे तोंडाने तेलाचा थेंब न घेताही आतड्याला कण बांधायला कच्चा माल मिळत राहतो. टोरांटोच्याच प्रयोगात इन्सुलिन देताना मुक्त मेदाम्ले मुद्दाम वाढलेली ठेवली, तेव्हा इन्सुलिनचा लगाम बराच सैल पडला. तुमच्या वडिलांच्या 'काहून'चे उत्तर बरेचसे इथे आहे. मधुमेहात आतड्यातले, चरबीला पट्टी बांधून कण उभा करणारे प्रथिनही वाढलेले आढळते. फ्रुक्टोज, म्हणजे फळातली आणि साखरेतली गोड साखर, भरपूर खाऊ घातलेल्या हॅमस्टर प्राण्यांत आतडे स्वतःच चरबी तयार करून ती कणांत भरते असेही दिसले आहे. मोर्शी-वरूडकडून संत्री येतात तेव्हा एखादे संत्रे सोलून खायला हरकत नाही. रस काढून प्यायचा मोह मात्र शुगरवाल्याने टाळावा असे मी म्हणतो ते यासाठीच.

दुसरी अडचण उतरवून घेण्याची. मधुमेहात यकृतही जास्त कण सोडते, आणि यकृताचे व आतड्याचे कण त्याच एका विकरापाशी रांग लावतात. रांग लांबली की आतड्याचे कण रक्तात तासन्‌तास फिरत राहतात. कॅनडातल्याच क्यूबेकमधल्या अभ्यासात टाइप २ मधुमेह असलेल्या पुरुषांत ॲपोबी-४८ची निर्मिती जास्त आणि निचरा मंद, दोन्ही एकदम सापडले होते. एक गोष्ट मात्र लक्षात ठेवा. रात्रभर उपाशी राहून मोजलेल्या ट्रायग्लिसराइडमध्ये बहुतेक वाटा यकृताच्या कणांचा असतो. आतड्याचा हिस्सा जेवणानंतरच्या तासांत मोठा होतो, आणि दिवसातले बहुतेक तास आपण जेवणानंतरच्याच अवस्थेत असतो.

गोड चहाबद्दल तुम्ही सहज लिहिलेत, पण मला ते वाक्य महत्त्वाचे वाटले. आतडे सगळी चरबी एका दमात पाठवत नाही. थोडी ते आपल्या पेशींतच मागे ठेवते, आणि पुढचे अन्न आल्यावर ती बाहेर निघते. ऑक्सफर्डमधल्या २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात काही लोकांना तुपकट जेवण दिले. पाच तासांनी काहींना ग्लुकोजचे पाणी आणि काहींना साधे पाणी दिले. ग्लुकोज घेतलेल्यांच्या रक्तात आतड्याचे कण पुन्हा वाढले, आणि आतड्याच्या अस्तराचा तुकडा तपासला तेव्हा पेशींतला चरबीचा साठा कमी झालेला दिसला. वडिलांच्या बाबतीत रात्री अकराचे तूप आणि सकाळचा साखरेचा चहा यांची अशीच गाठ पडली असण्याची शक्यता आहे. नळीतला दुधाळपणा म्हणूनच जास्त उठून दिसला असावा.

तुम्ही आवर्जून लिहिले आहे की वडील काटक आहेत, पोट सुटलेले नाही. मग प्रतिरोध कुठून आला? याचे उत्तर महाराष्ट्रातच शोधले गेले आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या खेड्यांतल्या गरोदर स्त्रिया आणि त्यांच्या बाळांचा अभ्यास केला. तिथल्या बाळांचे सरासरी वजन २.७ किलो होते, इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनच्या बाळांचे ३.५ किलो. बाळे लहान, हातापायांत मांस कमी, पण त्वचेखालची चरबी मात्र त्या मानाने राखलेली. २००४ मध्ये लॅन्सेट या नियतकालिकात त्यांनी इंग्लंडचे सहकारी जॉन युडकिन यांच्यासोबत स्वतःचा फोटो छापला. दोघांचा बीएमआय (उंचीच्या मानाने वजन) २२.३, पण युडकिन यांच्या अंगात चरबी ९.१ टक्के आणि याज्ञिकांच्या अंगात २१.२ टक्के. काटक दिसणाऱ्या आपल्या माणसाच्या आत हे असू शकते, म्हणून वजनकाट्यावर विसंबू नका. पुरुषांत कमरेचा घेर ९० सेंटिमीटर आणि स्त्रियांत ८० सेंटिमीटर ही आपल्यासाठी धोक्याची रेषा आहे. टेप घ्या आणि बाबांची कंबर बेंबीच्या पातळीवर मोजा.

हा एका घरचा प्रश्न नाही. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या इंडिआब पाहणीच्या पहिल्या टप्प्यात महाराष्ट्र होता, आणि २०११ मध्ये राज्यात मधुमेहाचे प्रमाण ८.४ टक्के आढळले होते. पुढे देशभरातल्या १ लाख १३ हजार लोकांची पाहणी पुरी होऊन २०२३ मध्ये आकडे आले. मधुमेह ११.४ टक्के लोकांत, आणि रक्तातल्या चरबीचा कुठला ना कुठला बिघाड ८१.२ टक्क्यांत. दुसरा आकडा वाचून मी थबकलो होतो. साखरेच्या तपासणीला आपण सरावलो, चरबीचा बिघाड मात्र त्याहून कितीतरी जास्त घरांत शांतपणे बसलेला आहे.

त्याचे काय होते? अमेरिकेतले डोनाल्ड झिल्व्हरस्मिट यांनी १९७९ मध्ये मांडले की रक्तवाहिन्या बुजण्याची क्रिया मुख्यतः जेवणानंतरच्या तासांत घडते. चरबी उतरवून उरलेला कण लहान झालेला असतो, कोलेस्टेरॉलने भरलेला असतो आणि रक्तवाहिनीच्या भिंतीत शिरण्याइतका बारीक असतो. मोठा कण शिरत नाही, उरलेला शिरतो. म्हणून मधुमेहात एलडीएल, म्हणजे 'वाईट' कोलेस्टेरॉल, ठीकठाक असूनही हृदयविकाराचा धोका चढा राहतो. 'आम्ही घरी फक्त साखरच बघतो' असे सांगणाऱ्या प्रत्येक मधुमेही कुटुंबाला मी हे पुन्हा पुन्हा सांगेन.

आता तुमच्या शेवटच्या प्रश्नाकडे. पुन्हा उपाशीपोटी रक्त द्यायचे का? बाबांच्या बाबतीत हो. एरवीच्या चरबीच्या तपासणीला उपाशी राहणे दर वेळी लागत नाही. युरोपातल्या तज्ज्ञांनी २०१६ मध्येच तसे सांगितले आणि जेवलेल्या माणसात ट्रायग्लिसराइड १७५च्या वर गेले तर ते जास्त धरायचे ठरवले (उपाशीपोटी ही रेषा १५० आहे). पण ४००च्या वर आकडा गेला की उपाशीपोटी पुन्हा मोजतात. कारण आपल्या बहुतेक लॅबमध्ये एलडीएल प्रत्यक्ष न मोजता १९७२ पासून चालत आलेल्या सूत्राने काढतात, आणि ४००च्या वर ते सूत्र चालत नाही. तुमच्या रिपोर्टवरचा एलडीएल छापला असेल तर तो सध्या बाजूला ठेवा. त्याऐवजी एक साधी वजाबाकी करा. एकूण कोलेस्टेरॉल २३६, त्यातून एचडीएल ३२ वजा केले की २०४ उरतात. याला नॉन-एचडीएल म्हणतात आणि त्यात यकृताचे व आतड्याचे सगळे त्रासदायक कण मोजले जातात. अकोल्याचे सर्वोपचार असो, अमरावतीचे इर्विन असो की खाजगी लॅब, हे दोन आकडे रिपोर्टवर असतातच. वजाबाकीचा आकडा लिहून डॉक्टरांना दाखवा. २०४ जास्त आहे.

उपाशी राहताना एक काळजी घ्या. बाबा ग्लिमेपिराइडसारखी गोळी किंवा इन्सुलिन घेत असतील, तर अकोटहून अकोल्यापर्यंत रिकाम्या पोटी, गोळी खाऊन जाणे धोक्याचे आहे, वाटेत साखर एकदम उतरू शकते. रात्री आठपर्यंत साधे जेवण, सकाळी लवकरचा नंबर, सकाळची गोळी रक्त दिल्यावर जेवतानाच घ्यायची की कसे हे आधी डॉक्टरांना विचारून ठेवायचे, आणि खिशात ग्लुकोजचा पुडा.

ट्रायग्लिसराइड ५००च्या वर गेले, आणि विशेषतः १,००० पार झाले, तर स्वादुपिंडाला सूज येण्याचा धोका असतो. बेंबीच्या वरच्या भागात जोराचे, पाठीत जाणारे दुखणे आणि उलट्या सुरू झाल्या तर गॅस झाला म्हणून सोडा देत बसू नका, थेट दवाखान्यात न्या आणि नळी दुधाळ होती हे तिथे सांगा. दुखणे नसेल तरी ७८० हा आकडा पुढच्या महिन्यावर ढकलण्याजोगा नाही. डॉक्टर थायरॉइड, मूत्रपिंड आणि दारू यांची चौकशी करतील, त्यांना मोकळेपणी सांगा. घरात कुणी 'कधीतरी घेतो' म्हणत असेल तर तेही, कारण दारू या रोगात तेलाहून वाईट वागते.

उपचाराची सुरुवात साखर ताब्यात आणण्यापासून होते, आणि चरबीलाही त्याचाच मोठा फायदा होतो. प्रतिरोध कमी झाला की चरबीच्या पेशी, यकृत आणि आतडे पुन्हा थोडे ऐकू लागतात. ग्लिप्टिन गटातल्या गोळ्या आणि जीएलपी-१ गटातली औषधे आतड्याची कणनिर्मिती कमी करतात असेही माणसांवरच्या प्रयोगांत दिसले आहे. त्यातले काय द्यायचे, त्यासोबत स्टॅटिन किंवा फायब्रेट लागेल का, हे डॉक्टरांनी ठरवायचे. शेजाऱ्याची गोळी आणू नका.

जेवणाबद्दल. सरकीचे तेल सोडून सोयाबीनचे आणले, किंवा तेल सोडून तूप धरले, तर आतड्याच्या कणांच्या हिशेबात फारसा फरक पडत नाही, आतडे दोन्ही बांधते. प्रमाण महत्त्वाचे. त्याहून महत्त्वाचे हे की तुपकट जेवण आणि गोड एकत्र येऊ देऊ नका. रोडगे खायचेच असतील तर एखादा खा, तूप वरून ओतू नका, सोबत वांग्याची भाजी जास्त घ्या आणि त्या पंगतीतली जिलेबी सोडा. शेगावची कचोरी, गिलावडा, आलूबोंडा यांच्यानंतर साखरेचा चहा ही आपली सवयच आहे, तिथला चहा बिनसाखरेचा करा. रोजच्याला ज्वारीची भाकर, आंबाडीची भाजी, तुरीचे वरण हे वऱ्हाडाचे जुने जेवण शुगरवाल्याला चांगलेच आहे, फक्त भाताचा डोंगर नको. रात्रीचे जेवण लवकर झाले पाहिजे. अकराला जेवून सातला उठणाऱ्या मधुमेही शरीराला चरबी निस्तरायला तेवढा वेळ पुरत नाही.

आणि चालणे. वावरातले काम खरीप-रब्बीत भरपूर असते, पण उन्हाळ्यात, लग्नसराईच्या दिवसांत ते थांबते, आणि तूप नेमके तेव्हाच वाढते. आदल्या दिवशी वेगाने चाललेल्या माणसात दुसऱ्या दिवशीच्या जेवणानंतर ट्रायग्लिसराइड कमी चढते, कारण स्नायूंतले चरबी उतरवणारे विकर वाढलेले असते. लग्नाच्या आदल्या संध्याकाळी बाबांना सोबत घेऊन गावाबाहेरच्या रस्त्याने झपाझप फिरून या.

तुम्ही स्वतःबद्दल काही विचारले नाही, पण तुम्ही त्यांचे लेकरू आहात आणि बसून काम करता. पुढच्या वेळी बाबांसोबत जाल तेव्हा तुमचेही रक्त द्या, एचबीए१सी आणि चरबीची पूर्ण तपासणी. कमरेचा टेप घरात आला की आधी स्वतःच्या कमरेला लावा, आणि आईच्याही. तिचा आकडा ८०च्या वर असेल तर तिलाही या फेरीत सोबत घ्या.